मातीचे बैल आणि दावणीचे बैल

स्मरणिकेत चार गोड शब्द लिहावेत असा संकेत आहे. यंदा तो मी मोडतो आहे. क्षमस्व!

दुबईत आपण हौसेने पोळा करतो. बच्चेकंपनी मातीचे बैल रंगवते, पुरणपोळीचा बेत होतो, फोटो निघतात. गेल्या पोळ्याला असाच एक फोटो मी माण तालुक्यात, गावी, थोरल्या भावाला पाठवला. लगेच त्याचा फोन आला. "आपला सर्जा उभा राहीना रे. लाळ गळतेय, खुरांच्या बेचक्यात फोड आलेत. गाईचं वासरू तर काल गेलं."

"दादा, लस टोचली होती ना?"

"टोचणारे आले होते. पण गाय ऐन दुधात होती, आईनं नको म्हटलं. मग सगळ्यांचंच राहिलं."

लाळ्या-खुरकूत हा विषाणूचा रोग. तो मारणारे औषध नाही. जखमा धुवायच्या, मऊ चारा घालायचा आणि वाट पाहायची. मोठे जनावर सहसा दगावत नाही, म्हणून आपण हा रोग हलक्यावारी नेतो. पण वासराच्या हृदयावरच तो घाला घालतो. वाचलेली गाय पुढे उन्हात धापा टाकते, दुधाला कमी पडते. ऊसतोडीच्या ऐन हंगामात बैल बसला, तर त्या कुटुंबाचा हंगामच बुडतो.

तरी सबबी तयारच! म्हणे, लसीने दूध आटते. थोडे दिवस थोडे कमी होईल. रोगाने किती जाते, ते कोण मोजणार? म्हणे, आमच्याकडे साथ नाही. अहो, हा विषाणू गुरांच्या बाजारातून येतो, चाऱ्यातून येतो, माणसाच्या चपलेला लागूनही येतो! म्हणे, कानात बिल्ला कशाला? इथे एमिरेट्स आयडीशिवाय आपले पान हलत नाही. मग जनावराच्या बारा अंकी बिल्ल्याचेच वावडे का?

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एल्क नावाची मोठी रानटी हरणे आहेत. २००८ च्या सुमारापासून तिथे खुरांच्या एका रोगाने लंगडणारे एल्क वाढत गेले. तो रोग वेगळा, जिवाणूंचा. त्यावर लस नाही, आणि रानातल्या कळपाला धरून औषध लावणेही शक्य नाही. शिकाऱ्यांनी खूर जागेवरच टाकून जावेत, असा नियम तिथे करावा लागला. त्यांचा नाइलाज आहे. आपले जनावर मात्र दावणीला बांधलेले, लस सरकारची, तीही फुकट! आपला कसला नाइलाज?

बुळकांडी आठवते? गोठेच्या गोठे ओस पाडणारा तो रोग लसीनेच हटवला. २०११ साली तो जगातून गेल्याचे जाहीर झाले. लाळ्या-खुरकूतीसाठीही २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशव्यापी मोहीम सुरू केली आणि २०३० पर्यंत रोग संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले. लस वेळेवर येत नसेल, डॉक्टर फिरकत नसतील, तर तिथे जाब जरूर विचारावा. पण दारी आलेली लस परत पाठवणाऱ्याला तो अधिकार उरत नाही.

आणि यात आपलाही दोष आहे. आपण पैसे पाठवतो, देवळाच्या कळसाला वर्गणी देतो, गाडीची मुल्किया कधी संपते ते आपल्याला पाठ असते. घरच्या गोठ्यात दर सहा महिन्यांनी टोचायच्या लसीची तारीख आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही नव्हती. आता ती माझ्या कॅलेंडरवर आहे. आदल्या आठवड्यात मी आईला फोन करतो. ती कुरकुरते, पण जनावरे टोचून घेते.

येत्या पोळ्याला मुलांनी मातीचे बैल जरूर रंगवावेत. पण ताटावर बसण्यापूर्वी प्रत्येकाने गावी एक फोन लावावा आणि एवढेच विचारावे, "गुरांना लस टोचली का?" ज्याच्या घरी नाही म्हणतील, त्याने त्या दिवशी बैलाला ओवाळण्याचा आव आणू नये.