कात्री कुठे लागली?

लॉकडाऊनमध्ये मी घरूनच उर्दू आणि मराठीचे पाठ मोबाइलवर चित्रित करत होतो. पहिला व्हिडिओ पाठवला आणि नववीच्या एका विद्यार्थिनीचा निरोप आला, "सर, आपकी आवाज़ आ रही है, शक्ल नहीं." खरंच होतं. मी खिडकीला पाठ करून बसलो होतो. मागे लख्ख उजेड आणि मी नुसती सावली. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन केलं, फलकलेखनाचे गुण मिळवले, पण कॅमेऱ्यापुढे कुठे बसावं हे कोणी शिकवलं नव्हतं. ते त्या मुलीने फोनवरून शिकवलं.

तिच्या सूचना साध्या होत्या. आधी लेन्स पुसा. उजेड तोंडावर येऊ द्या. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, फोकस तिथे बसतो. बोट थोडा वेळ दाबून धरलं, तर बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच पक्के होतात. नाहीतर पुस्तक पुढे धरलं की कॅमेरा पुस्तकामागे धावतो आणि चेहरा धूसर होतो. महत्त्वाचं काय, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते आपण सांगायचं असतं.

मग संकलन. नको ते कापायचं, उरलेलं जोडायचं. माझा बावीस मिनिटांचा पाठ नऊ मिनिटांवर आला, आणि मी दर वाक्याला "तर मग" म्हणतो हेही कळलं. वीस वर्षं वर्गात ते कोणी सांगितलं नव्हतं!

हे शिकायला मोठी संस्थाच लागते असं नाही. मालेगावचे नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवत होते. सिनेमे दाखवता दाखवता त्यांची कापाकापी करत ते संकलन शिकले आणि 2000 साली 'मालेगाव के शोले' उभा केला. ट्रॉलीला सायकल, क्रेनला बैलगाडी. यंत्रमागांच्या गावातली ही गोष्ट फैझा अहमद खान यांच्या माहितीपटाने जगापुढे नेली. त्यावरूनच प्रेरणा घेतलेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस आला, तेव्हा मी वर्गात कौतुकाने त्याची गोष्ट सांगितली होती.

त्यानंतर अडीच आठवड्यांनी, 17 मार्चला, आमच्या नागपुरात महाल भागात हिंसाचार उसळला. अनेक भागांत संचारबंदी लागली. समाजमाध्यमांवरच्या अफवांनी आगीत तेल ओतलं. घरात बसून आम्ही सगळे फोनच पाहत होतो. वीस-पंचवीस सेकंदांचे तुकडे इकडूनही येत होते, तिकडूनही. एक तुकडा पाहून माझंही रक्त तापलं. तो पुढे ढकलण्याआधी, का कोण जाणे, त्याच मुलीला पाठवला. आता ती कॉलेजात आहे. तिचं उत्तर आलं, "सर, याची सुरुवात कुठाय? मधेच रस्त्याचा आवाज बदलतो, तिथे कात्री लागलीय. आणि मागच्या दुकानाची पाटी वाचा." पाटी दुसऱ्याच राज्यातली होती. मी भाषेचा शिक्षक, आणि पाटी वाचायची राहून गेली! माझा फोकस रागावर होता.

म्हणून माझं मत असं: कॅमेरा आणि संकलन यांना छंदवर्गात न ढकलता भाषेच्या तासाला घ्यावं. ज्याने स्वतः एकदा वाक्य मधून कापून अर्थ उलटा होताना पाहिला, तो दुसऱ्याच्या क्लिपवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. ही काही खोटं पकडण्याची हमी नव्हे. जुना, अजिबात न कापलेला व्हिडिओही आजचा म्हणून फिरवता येतो. पण निदान थांबून विचारायची सवय लागते: आधी काय झालं, नंतर काय झालं, कापलं कोणी?

पालक म्हणतात, मोबाइलने मुलं आधीच बिघडलीत. पण मुलं पाहतातच, आपण फक्त त्यांना पाहायला शिकवायचं आहे. काही घरांत मुलींचे चेहरे चित्रित होण्याला हरकत असते. त्या हरकतीचा मान राखूनही काम होतं. आमच्या वर्गात मुलींनी शिवणयंत्रावरच्या आईच्या हातांचं चित्रण केलं. सुईवर फोकस, मागची खोली धूसर. चेहरा एकही नाही, आणि सबंध घर दिसतं.

पाच जणांत एक फोन, दोन मिनिटांची फिल्म, नानीची उर्दूतली आठवण आणि खाली मराठी अक्षरं. ही अक्षरं लिहिताना खरी परीक्षा होते. काही ॲपमध्ये उर्दूची अक्षरं सुटी पडतात, मराठीची वेलांटी भलतीकडे जाते. मग मुलं भांडतात, ॲप बदलतात, शुद्धलेखन तपासतात. व्याकरणाच्या तासाला त्यांचा एवढा हट्ट मी कधी पाहिला नाही.

मार्चमधली ती क्लिप मी पुढे पाठवली नाही. ज्यांनी मला पाठवली होती, त्यांना एवढंच लिहिलं, "भाई, पाटी वाचा." एकाचं उत्तर आलं, "डिलीट केली." दुसऱ्याचं अजून आलेलं नाही.