खिशातला चाकू आणि हातांचे शिक्षण

जयपूरच्या टोंक रोडपासून गुर्जर की थडीकडे जाणारा गोपालपुरा बायपास आज ओळखला जातो तो शिकवणी वर्गांच्या भल्यामोठ्या फलकांमुळे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, बँक, प्रशासकीय सेवा, ज्या परीक्षेचे नाव घ्यावे तिची तयारी करून देणारा वर्ग येथे सापडतो. गावोगावहून आलेली मुले वसतिगृहाच्या लहानशा खोलीत राहतात, पहाटे उठून सूत्रे पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेवरील वर्तुळे काळी करण्याचा सराव करतात. त्यांच्या कष्टांविषयी आदरच वाटावा. परंतु उद्या अभियंता होऊ पाहणाऱ्या या मुलांपैकी कितीजणांनी एखादी वस्तू स्वतःच्या हाताने उघडून, समजून घेऊन पुन्हा जोडली असेल, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. तरफेचा नियम तोंडपाठ असावा आणि डब्याचे झाकण उचकटताना चमच्याची कोणती बाजू खाली धरावी हे मात्र उमगू नये, अशी ही विसंगती आहे.

या पार्श्वभूमीवर एका छोट्या छंदाची शिफारस करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. तो छंद म्हणजे खिशात मावणाऱ्या बहुपयोगी चाकूमध्ये स्वतःच्या गरजेप्रमाणे आणि आवडीप्रमाणे बदल करणे. पाते, कात्री, पेचकस, डबा उघडण्याचे हत्यार, टोचा अशी अनेक साधने एकाच मुठीत सामावणारा हा चाकू बहुतेकांनी पाहिलेला असतो. जगभर या छंदाचे चाहते आहेत. कोणी चाकूच्या दोन्ही अंगांच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढून तेथे शिसवाच्या किंवा पितळेच्या पट्ट्या बसवतो; कोणी रिबिटी काढून नको असलेले साधन वगळतो आणि दुसऱ्या चाकूतील करवत वा कात्री त्यात आणतो; कोणी केवळ धार आणि झिलई यांतच रमतो. वरवर पाहता हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. प्रत्यक्षात त्यात मोजमाप, संयम, धातूची आणि लाकडाची पारख, तसेच चुकले तर पुन्हा पहिल्यापासून करण्याची तयारी लागते.

या चाकूचा जन्मच मुळी सुधारणेतून झाला आहे. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सेनर यांनी 1884 मध्ये आपला कारखाना सुरू केला. तेथील सैनिकांसाठी ठरलेल्या चाकूत पाते, टोचा, डबा उघडण्याचे साधन आणि पेचकस अशी चारच साधने होती. एल्सेनर यांना तो जड वाटला. एकाच पाठस्प्रिंगवर दोन्ही बाजूंची साधने तोलण्याची युक्ती त्यांनी योजली आणि 12 जून 1897 रोजी अधिक हलका व अधिक उपयोगी असा ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ नोंदवला. पुढे अमेरिकेत टिम लेदरमन यांच्या बाबतीत असेच घडले. 1975 मध्ये युरोपच्या प्रवासात जुनी मोटार आणि हॉटेलातील नळ दुरुस्त करताना खिशातल्या चाकूला पक्कड असती तर, असे त्यांना वाटले. आठ वर्षांच्या खटपटीनंतर, 1983 मध्ये, पक्कड असलेले त्यांचे साधन बाजारात आले. हातातील वस्तू आपल्या कामाला अपुरी पडते हे ओळखणे आणि तिच्यात बदल करण्याचे धाडस करणे, एवढेच या दोघांच्या यशाचे भांडवल होते.

आणि यासाठी युरोप-अमेरिकेकडेच पाहावे असे नाही. गोपालपुऱ्यापासून फार दूर नसलेल्या जयपूरच्या सिटी पॅलेसमधील शस्त्रागारात कात्रीसारखी उघडणारी कट्यार आणि पिस्तूल जोडलेली तलवार पाहावयास मिळते. एकाच मुठीत दोन कामे बसवण्याची कल्पना तेथील कारागिरांना परकी नव्हती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहणाऱ्यालाही हेच जाणवते. सुपारी कातरणे हे काम एकच; पण कारागिराने त्याच साधनाला कितीतरी रूपे दिली. रोजच्या वापरातील हत्यार आपल्या हाताला आणि मनाला रुचेल असे घडवून घेण्याची ही परंपरा घराघरांत होती. विळीला, अडकित्त्याला, कोयत्याला नवी मूठ बसवून घेणे हे गावच्या लोहार-सुताराचे नेहमीचे काम होते.

जयपूरनेच याहून मोठे उदाहरण देशापुढे ठेवले आहे. परदेशी बनावटीचे कृत्रिम पाऊल बुटाशिवाय वापरता येत नसे. ते घालून उकिडवे बसणे, मांडी घालणे, शेतातल्या चिखलात चालणे कठीण होते. 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहकार्यातून रबराचा वापर करणारे ‘जयपूर फूट’ आकाराला आले. डॉ. सेठी यांना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शास्त्राचे ज्ञान आणि हाताचे कसब एकत्र आले की तयार वस्तूतील उणीव दिसते व ती दूर होते. यांतील एकाच बाजूचे शिक्षण देणारी पद्धत अपुरी आहे, हे येथे वेगळे सांगावयास नको.

ही जाणीव नवी नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी नई तालीम मांडली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा ‘दप्तराविना’ काळ सुचवला आहे, ज्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे. धोरणे कागदावर राहू नयेत, तर घरातही त्यांना जागा मिळावी. त्यासाठी छंद हे सर्वांत स्वस्त आणि सहज साधन आहे.

या छंदाविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात, आणि त्यांत तथ्य आहे. पहिला आक्षेप असा की, तज्ज्ञांनी विचारपूर्वक बनवलेली वस्तू हौशी माणसाने बिघडवू नये. चाकू उघडला की बहुधा उत्पादकाची हमी संपते, हेही खरे. म्हणून सुरुवात जुन्या, पाते झिजलेल्या चाकूपासून करावी. तो बिघडला तरी नुकसान थोडे आणि शिकवण मोठी. शिवाय हमी संपण्याची भीती बाळगून कोणतीही वस्तू न उघडणारा ग्राहक हळूहळू प्रत्येक बिघाडासाठी नवी खरेदी करणारा ग्राहक बनतो. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काविषयी ग्राहकांसाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले, ते याच प्रश्नाची दखल घेऊन.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चाकू हे अखेर शस्त्र होऊ शकते. शस्त्र नियम, 2016 नुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी न बनवलेली धारदार हत्यारे शस्त्रांत मोडतात. बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूंबाबत काही ठिकाणी याहून कडक अधिसूचना आहेत. दिल्लीतील 1980 ची अधिसूचना हे त्याचे उदाहरण. त्यामुळे पाते लांब करणे किंवा ते झटक्यात उघडेल अशी रचना करणे या छंदात सर्वथा वर्ज्य मानावे. विमानाच्या हातसामानात चाकू नेता येत नाही, आणि परीक्षा केंद्रावर तो नेणे म्हणजे संकट ओढवून घेणे. मुठीसाठी हस्तिदंत वा सांबरशिंग वापरण्याचा मोह वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लक्षात ठेवून टाळावा. लहान मुलांनी हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे. मर्यादा पाळण्याची ही सवयदेखील छंदाच्या शिक्षणाचाच भाग होय.

तिसरा आक्षेप खर्चाचा. दुर्मीळ चाकू जमवण्याची हौस खिशाला परवडणारी नाही. पण बदल करण्याची हौस आणि जमवण्याची हौस या भिन्न गोष्टी आहेत. कानस, पॉलिश पेपर, थोडे तेल, लाकडाचे दोन तुकडे आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर पहिली काही वर्षे सहज निभावतात. जे काम स्वतःला जमत नाही, ते गावातील कारागिराकडे न्यावे. जयपूरचा मीनाकाम करणारा असो वा सावंतवाडीचा लाकडावर लाखकाम करणारा, त्याच्या कौशल्याला अशा लहान मागण्यांतून नवे काम मिळू शकते. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, अस्त्रकार, हातोडा व अवजारे बनवणारे यांच्यासह अठरा व्यवसायांचा समावेश आहे. त्यात अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन आणि पाच टक्के सवलतीच्या व्याजाने, विनातारण, प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळण्याची तरतूद आहे. परंतु कर्जाने अवजारे येतात, गिऱ्हाईक येत नाही. ते गिऱ्हाईक हौशी नागरिकांतून निर्माण व्हावयास हवे.

गोपालपुऱ्यातील विद्यार्थ्याने अभ्यास सोडून चाकू घासत बसावे, असे कोणीही म्हणणार नाही. मात्र सुटीत घरी गेल्यावर आजोबांच्या पेटीतील गंजलेला चाकू काढून तो पुन्हा कामाला लावण्यात दोन दुपारी खर्च झाल्या, तर त्या वाया गेल्या असे पालकांनी मानू नये. स्प्रिंग का ताणली जाते, पितळ पोलादाहून मऊ का, धारेचा कोन बदलला की काय होते, हे त्याला पुस्तकाबाहेर कळेल. परीक्षेत गुण मिळोत वा न मिळोत, स्वतःच्या हातांवरचा विश्वास त्याच्याजवळ राहील, आणि तो आयुष्यात पुष्कळदा उपयोगी पडतो.