कडुनिंबाची तांबूस पालवी

गुढीपाडव्याच्या आदल्या सायंकाळी वसई, नालासोपारा, विरार येथील बाजारांत कडुनिंबाच्या जुड्या विकावयास येतात. एक डहाळी गुढीला बांधली जाते. उरलेल्या पानांत गूळ, ओवा, हिंग, मिरी घालून प्रसाद होतो. जुडी घेताना आपण भाव विचारतो, पालवीचा रंग मात्र क्वचितच पाहतो. तो अवश्य पाहावा.

माघ-फाल्गुनात निंबाची जुनी पाने झडतात आणि नवी पालवी फुटते ती तांबूस. हा रंग अँथोसायनिन नामक द्रव्याचा. कोवळ्या पानातील हरितद्रव्याची यंत्रणा अपुरी असते. त्यावर कडक ऊन पडले म्हणजे प्राणवायूचीच काही उग्र रूपे निर्माण होऊन पेशींना इजा करतात. त्यांना निष्प्रभ करणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. अँथोसायनिन त्यांपैकीच, शिवाय ते उन्हाची धारही बोथट करते, असे वनस्पतिशास्त्र मानते. पान जून झाले की ही लाली ओसरते. आंबा, पिंपळ, कुसुंब यांच्या पालवीचेही तसेच.

परंतु झाड चालते ऊन-हवेच्या तंत्राने आणि तिथी चंद्राच्या. अधिक मासाने मेळ घातला जातो खरा, तरी २०२३ साली पाडवा २२ मार्चला आला व २०२४ साली ९ एप्रिलला. अठरा दिवसांत तांबूस पान हिरवेगार होऊन जाते! विधी तोच, प्रसाद तोच. पानातील द्रव्यांचे प्रमाण मात्र निराळे. म्हणून पंचांगाबरोबर झाडाकडेही पाहावे व शेंड्याची कोवळी पाने घ्यावीत. डबीतील निंबचूर्णावर विधी उरकणे मला पटत नाही. ते पान कोणत्या महिन्यात खुडले, कोण जाणे. तथापि चमचाभर निंबाने वर्षभर रोग फिरकत नाही, ही अतिशयोक्तीच होय. तान्ह्या मुलांना निंबाचा रस वा तेल मुळीच देऊ नये. गर्भवतींनी वैद्यांना विचारल्यावाचून निंब घेऊ नये.

ती लाली झाडाने आपल्यासाठी नव्हे, स्वतःच्या रक्षणासाठी धारण केलेली असते. २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेल्या या शहरात रस्त्याकडेचे निंब ऐन उन्हाळ्याच्या तोंडी फांद्यांसकट ओरबाडले जावेत, हे कोणत्या धर्माला धरून आहे? चौघांच्या घराला दहा-बारा पाने पुरतात. ज्या गृहसंस्थेच्या आवारात जागा असेल तिने एक निंब लावावा आणि पाडव्याला त्याच्याच चार डहाळ्या सर्व बिऱ्हाडांनी वाटून घ्याव्यात.