आनंदाचा वारसा कोणाचा?

ख्रिस्ती धर्माची ओळख बहुधा क्रूस, पाप आणि प्रायश्चित्त या शब्दांनी करून दिली जाते. पण नव्या करारात आनंदाचे सूत्रही तितकेच ठळक आहे. संत पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेले पत्र बंदिवासातले; तरीही त्यात आनंदाचा उच्चार पुन्हापुन्हा येतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने या अनुभवाला तात्त्विक बैठक दिली. त्याच्या मते आनंद हा स्वतंत्र सद्गुण नव्हे. तो प्रेमाचा परिणाम होय.

इहवादी नीतिशास्त्राने हा प्रश्न दोन टोकांनी हाताळला. कांटने नीतीचा पाया कर्तव्यात शोधला व सुखाला तेथून हद्दपार केले. तरीही सद्गुण आणि सुख यांचा मेळ बसावा म्हणून १७८८ च्या ग्रंथात त्याला ईश्वर गृहीत धरावा लागला. उलट बेंथमने १७८९ मध्ये सुखालाच नीतीचे माप ठरवून त्याचा हिशेब मांडला. या हिशेबाच्या तालमीत, धर्मश्रद्धेविना वाढलेल्या जॉन स्टुअर्ट मिलने १८२६ मध्ये, ऐन विशीत, स्वतःला विचारले: इच्छिलेल्या सर्व सुधारणा या क्षणी घडून आल्या, तर आपण सुखी होऊ काय? अंतःकरणाने नकार दिला आणि तो विषण्णतेत बुडाला. सुखाचा थेट पाठलाग करणाऱ्याला ते लाभत नाही. इतरांच्या हितात मन गुंतविणाऱ्याला ते वाटेत भेटते, असा निष्कर्ष त्याच्या १८७३ च्या आत्मचरित्रात आहे. येथे तो अक्वायनसच्या बराच जवळ येतो.

लूकच्या शुभवर्तमानातील हरवलेल्या मेंढराचा दाखलाही बेंथमच्या हिशेबात बसत नाही. मेंढपाळ नव्याण्णव मागे ठेवून एकाच्या शोधात निघतो, आणि ते सापडल्यावर शेजाऱ्यांना आनंदात सहभागी व्हायला बोलावतो. एकाचे मोल बेरजेत विरत नाही आणि आनंद वाटल्याविना पुरा होत नाही, या दोन्ही गोष्टी समतेच्या राजकारणाला हव्याच आहेत.

यावर मार्क्सचा १८४४ चा आक्षेप विसरता येणार नाही. धर्माने दिलेले आभासी सुख खऱ्या सुखाची मागणी दडपते, असे त्याने बजावले होते. दुःखातही आनंद माना, हा उपदेश जमीनदाराने कुळाला केला तर ती निव्वळ लबाडी ठरते. पौलाचे शब्द वेगळे ठरतात ते यासाठी, की बेड्या त्याच्याच हातांत होत्या.

अर्थात भेद उरतोच. पराभव अखेरीस पुसला जाईल, ही पुनरुत्थानाची हमी इहवादाजवळ नाही, आणि ती असल्याचा आव त्याने आणू नये. परंतु आनंद हे कर्तव्याचे बक्षीस नसून माणसांवरील प्रेमाचे फळ आहे, एवढे स्वीकारण्यास ईश्वर मानावाच लागतो असे नाही. केवळ त्याग आणि शिस्त शिकविणाऱ्या चळवळींनी तरी हे ध्यानी घ्यावे. ज्या लढ्यात सोबत्यांचा आनंद नाही, त्यातून उभा राहणारा समाजही आनंदाला पारखाच राहील.