दाबाच्या नळीलाही वेसण हवी

रब्बीची सुगी आटोपली आणि विहिरींचे पाणी तळास गेले म्हणजे नव्या विहिरी खोदण्याच्या व जुन्या विहिरी खोल करण्याच्या कामांना वेग येतो. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात माती व मुरूम यांचे थर संपले की काळा पाषाण लागतो, आणि तो पहारीला दाद देत नाही. मग ट्रॅक्टरवर चालणारा कॉम्प्रेसर काठावर उभा करतात, त्याची रबरी नळी विहिरीत सोडतात आणि दाबलेल्या वाऱ्यावर चालणाऱ्या जॅकहॅमरने खडकात सुरुंगाची भोके पाडतात. या कामात शेतकरी व ठेकेदार दोघेही काही बाबतींत दक्ष असतात. यारीचा दोर रोज सकाळी पाहिला जातो. सुरुंग पेटविण्यापूर्वी माणसे व गुरे दूर नेली जातात. परंतु ज्या नळीतून दिवसभर वारा धावतो, त्या नळीचे सांधे कशाने धरून ठेवले आहेत, हे पाहण्याची रीत आपल्याकडे अजून पडलेली नाही. ती पडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका गावी विहिरीच्या काठावर उभा असता कॉम्प्रेसरजवळचा सांधा सुटला. नळी उसळली, दोन वेळा जमिनीवर आपटली आणि तिच्या टोकाच्या लोखंडी कपलिंगने पाण्याची घागर फोडली. घागरीपाशी क्षणापूर्वी बसलेला मजूर तंबाखू मागण्यासाठी उठून गेला होता, एवढेच त्याचे दैव. टाकीतील वारा संपेपर्यंत कॉकजवळ जाण्याची कोणाची छाती झाली नाही. नंतर सांधा पाहिला, तेव्हा नळी कपलिंगवर बांधणीच्या साध्या तारेने आवळलेली आढळली.

हे असे का घडते, हे थोड्या हिशोबाने ध्यानात येईल. विहिरीच्या कामावरील कॉम्प्रेसरचा दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोच्या आसपास असतो. पाऊण इंची नळीच्या पोकळीचे क्षेत्रफळ सुमारे २.८ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे सांधा उखडून काढण्याच्या दिशेने सुमारे २० किलोंचा जोर सतत लागलेला असतो. नळी एक इंची असेल, तर हाच जोर ३५ किलोंवर जातो. कूपनलिका खोदणाऱ्या गाडीवर दाब २० किलोंच्या घरात असतो व नळी दोन इंची असते. तेथे हा जोर ४०० किलोंच्या घरात जातो. शिवाय पाणी व वारा यांच्या स्वभावात मोठा फरक आहे. पाणी दाबाखाली फारसे आकसत नाही, म्हणून पंप थांबताच त्याचा जोर लगेच ओसरतो. वारा मात्र आकसून टाकीत साठलेला असतो. वाट मिळताच तो फुगत बाहेर पडतो, आणि टाकी रिती होईपर्यंत नळीचे सुटे टोक चाबकासारखे फिरत राहते. काठावरचा माणूस कदाचित पळू शकेल, परंतु विहिरीच्या तळाशी असलेल्या माणसाने पळावे कोठे?

यावर उपाय आहे, आणि तो सोपा आहे. पोलादी तारदोराचा एक तुकडा घेऊन त्याच्या दोन्ही टोकांस फासे केलेले असतात व फासा आवळून धरण्यासाठी स्प्रिंग बसविलेली असते. एक फासा सांध्याच्या एका बाजूस व दुसरा दुसऱ्या बाजूस चढवितात. सांधा सुटला तरी नळी या दोराने जागच्या जागी धरली जाते. बाजारात यास ‘व्हिप चेक’ म्हणतात. बैल कितीही गुणी असला तरी आपण त्याला वेसण घालतोच. ही नळीची वेसण आहे, असे समजावे.

परंतु ही वेसण निवडताना चार गोष्टी पाहणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट मापाची. साधारणतः अर्धा ते सव्वा इंची नळीसाठी सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा तारदोर वापरतात, आणि दीड ते तीन इंची नळीसाठी ६ मिलिमीटर जाडीचा. लहान नळीचा दोर मोठ्या नळीवर ओढूनताणून बसविणे म्हणजे कालवडीच्या दाव्याने रेडा बांधण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट दाबाची. असे साधे तारदोर सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला १४ किलोपर्यंतच्या दाबासाठी बनविलेले असतात. विहिरीवरील कॉम्प्रेसरला ते पुरतात, कूपनलिकेच्या गाडीला पुरत नाहीत. तेथे अधिक दाबासाठी बनविलेले व तशी नोंद असलेले जाड दोर किंवा नळीला लांबवर कवटाळणारे जाळीदार मोजेच हवेत. ज्या वस्तूवर दाबाची मर्यादा नोंदलेली नाही, ती विकत घेऊ नये.

तिसरी गोष्ट पकडीची. नळी बहुधा कपलिंगच्या नाकातून निसटते. दोराचे दोन्ही फासे जर कपलिंगलाच अडकविले, तर कपलिंग जागेवर राहील आणि नळी मात्र सुटून जाईल. म्हणून फासा नळीच्या अंगावर, कपलिंगच्या मागे बसला पाहिजे. कॉम्प्रेसरच्या बाजूचा फासा यंत्राच्या पक्क्या भागाला अडकविला पाहिजे, पत्र्याला किंवा कॉकच्या दांड्याला नव्हे.

चौथी गोष्ट ढिलाईची, आणि येथेच सर्वांत अधिक चुका होतात. दोर पूर्ण ताणून बसवावा. तो लोंबता ठेवला तर सुटलेली नळी तेवढ्या अंतरात वेग घेते, आणि मग बसणारा हिसका मूळ जोराच्या कितीतरी पट होऊन दोरच तुटतो. जनावराच्या गळ्यातील साखळी किंवा काथ्याची दोरी बांधून समाधान मानणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, नळीच्या प्रत्येक जोडावर आणि जॅकहॅमरपाशी अशी एकेक वेसण असावी. पंजाच्या कपलिंगला जी दोन लहान छिद्रे असतात, ती पिन घालण्यासाठी आहेत. पिन घातली म्हणजे हिसक्याने कपलिंग फिरून सुटत नाही. विहिरीत लोंबणाऱ्या वीस मीटर नळीचे वजन दहा-बारा किलो भरते. ते सांध्यावर पडू न देता काठाशी वेगळ्या दोराने किंवा जाळीदार मोजाने तोलून धरावे. ज्या दोराने एकदा हिसका सोसला आहे किंवा ज्याच्या तारा तुटलेल्या वा गंजलेल्या आहेत, तो पुन्हा वापरू नये.

वेसण घातली म्हणजे निष्काळजीपणाची मोकळीक मिळाली, असे मात्र नव्हे. फुगलेली, चिरलेली नळी बदललीच पाहिजे. सांधा सोडण्यापूर्वी कॉक बंद करून नळीतील वारा काढून टाकलाच पाहिजे. तसेच प्रत्येक नळीस हा एकच उपाय लागू पडत नाही. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत फवारणी करणाऱ्या पंपाची नळी बारीक असते. तिचा हिसका कमी, परंतु सुटलेल्या नळीतून विष अंगावर येते. तेथे पक्के क्लॅम्प व वेळेवर बदललेली नळी हाच मुख्य बंदोबस्त होय. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक नळीतून सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निघणारे तेल कातडी भेदून आत शिरते. ती गळती कधीही हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. तेल आत गेल्याचा संशय आला तर जखम लहान दिसली तरी त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

आता आक्षेपांचा विचार करू. ‘इतकी वर्षे काही झाले नाही,’ हा पहिला आक्षेप. मळणीयंत्राविषयीही लोक असेच म्हणत, आणि हात गमावलेली माणसे गावोगाव दिसू लागल्यावर १९८३ मध्ये त्यासाठी केंद्र शासनास धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. दुसरा आक्षेप खर्चाचा. कॉम्प्रेसरच्या दिवसभराच्या डिझेलपुढे या दोरांची किंमत किरकोळ आहे. तिसरा आक्षेप अधिक खरा आहे. शेतकरी म्हणतो, ‘यंत्र ठेकेदाराचे, मजूर त्याचे, मग काळजी मी का करावी?’ कारखान्यात दाबाच्या यंत्रांसाठी कायद्याचे नियम आहेत व ते पाहणारा निरीक्षक आहे. शेतातील विहिरीवर निरीक्षक येत नाही. तेथे हजर असतो तो शेतकरीच. आणि विहिरीत उतरलेला माणूस बहुधा शेजारच्या गावचाच असतो.

यास्तव आमची सूचना अशी की, विहिरीचा ठेका ठरविताना दर फुटाच्या दराबरोबरच नळीच्या वेसणीची अटही शेतकऱ्याने घालावी, आणि काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सांधा स्वतः पाहावा. अवजारे बँकांनी या दोरांवाचून कॉम्प्रेसर भाड्याने देऊ नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेसारख्या योजनांतून विहिरींस अनुदान मिळते. अशा कामांच्या अटींत ही एक ओळ वाढविणे शासनास अवघड नाही. ठेकेदारांनीही यात आपली अप्रतिष्ठा मानू नये. अमेरिकेतील बांधकामाच्या सुरक्षा नियमांत अर्ध्या इंचाहून मोठ्या वाऱ्याच्या नळीसाठी, ती फुटल्यास दाब उतरविणारे साधन उगमापाशीच बसविण्याची सक्ती आहे. तेथील कामे त्यामुळे अडलेली नाहीत.

विहिरीला पाणी लागले म्हणजे आपण नारळ फोडतो. ज्याच्या श्रमाने ते पाणी लागले, तो मजूर त्या वेळी धडधाकट अंगाने काठावर उभा असावा, याची तजवीज कामाच्या पहिल्या दिवशीच करावयाची असते.