नकाशाच्या सॉफ्टवेअरचा नमुना बाजारपेठेत तपासला पाहिजे

कापडाच्या धंद्यात नवा माल कोणी एकदम गाठीने उचलत नाही. मिलवाला किंवा त्याचा दलाल आधी नमुना पाठवतो. आम्ही तो पाण्यात भिजवतो, उन्हात वाळवतो, किती आटला ते मोजतो, ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग सुटतो का ते पाहतो, पन्हा सांगितल्याइतका भरतो का ते तपासतो आणि मगच सौद्याचे बोलणे काढतो. नमुना पाठवण्यात मिलवाल्याला कमीपणा वाटत नाही आणि त्यातले दोष तोंडावर सांगण्यात आम्हाला संकोच वाटत नाही. संगणकाच्या दुनियेतही हाच रिवाज आहे. पक्की आवृत्ती काढण्यापूर्वी एक कच्ची आवृत्ती लोकांच्या हाती दिली जाते. तिला कोणी बीटा म्हणतात, कोणी प्रीव्ह्यू रिलीज. आम्ही या लेखापुरते तिला नमुना-आवृत्ती म्हणू. मुक्त स्रोताच्या नकाशा-सॉफ्टवेअरची अशी आवृत्ती काढताना तिचे नियोजन कसे व्हावे आणि ती आधी कोणाच्या हाती पडावी, याविषयी नागपूरच्या व्यापाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे, असे आमचे मत आहे. तो हक्क आजवर कोणी बजावलेला दिसत नाही.

कापडवाल्याला नकाशाशी काय करायचे, असे काही वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. आमचा माल आज नकाशावर चालतो. सुरतेहून किंवा भिवंडीहून आलेला ड्रायव्हर पूर्वी चौकातल्या पानवाल्याला विचारत असे. आज तो मोबाईलकडे पाहतो. मोबाईलने दाखवलेली गल्ली सहा फुटांची असेल तर त्याची गाडी तिथेच अडकते, मागे रांग लागते आणि हमालांची मजुरी दुप्पट होते. गांधीबाग, इतवारी, मोमीनपुरा, हंसापुरी या भागांत हातगाडीची वाट वेगळी, छोट्या टेम्पोची वेगळी आणि ट्रकची वेगळी, हे इथल्या पोरांना पाठ आहे. नकाशाला ते ठाऊक नसते. गज आणि तराजू जसे धंद्याचे साधन, तसा नकाशाही आता धंद्याचे साधन झाला आहे, आणि साधन खोटे असेल तर नुकसान दुकानदाराचेच होते.

आता ‘मुक्त स्रोत’ या शब्दाविषयी. आमच्या बाजारात फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे लोक संशयाने पाहतात, आणि ते बरोबरही आहे. पण मुक्त स्रोत म्हणजे नुसते फुकट नव्हे. ज्या मजकुरातून सॉफ्टवेअर तयार होते तो मजकूर सर्वांना पाहता येतो, बदलता येतो आणि बदललेला पुढे देता येतो. म्हणजे विणकराने कापडाबरोबर मागाची मांडणीही दाखवावी, असा हा व्यवहार. उलट बाजूचा अनुभव २०१८ साली आला. गुगलने नकाशाच्या सेवेचे दर बदलले. पूर्वी रोज पंचवीस हजार वेळा नकाशा फुकट दाखवता येत होता. तो आकडा महिन्याला सुमारे अठ्ठावीस हजारांवर आला. लहान धंद्यांनी ज्या सोयीवर घर बांधले होते, तिचे भाडे एका घोषणेने वाढले. पुढे जुलै २०२४ मध्ये ओला कंपनीने गुगलचा नकाशा सोडल्याचे जाहीर केले आणि त्याच महिन्यात गुगलने भारतासाठी आपले दर सत्तर टक्क्यांपर्यंत उतरवण्याची घोषणा केली. समोर दुसरे दुकान उघडले की भाव कसा खाली येतो, हे व्यापाऱ्यांना समजावण्याची गरज नाही. म्हणून मुक्त नकाशाचे दुकान चालू राहणे आमच्या हिताचे आहे, मग आम्ही त्यातून माल घेवो अथवा न घेवो.

नमुना-आवृत्ती कशी काढावी याचा चांगला कित्ता क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरने घालून दिला आहे. ते २००२ साली सुरू झाले, त्याची पहिली पक्की आवृत्ती २००९ साली आली, आणि आज जगभर सरकारी कचेऱ्यांपासून कॉलेजांपर्यंत ते वापरले जाते. त्यांचा रिवाज असा की वर्षातून तीनदा, साधारण फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरात, नवी आवृत्ती काढायची आणि तिच्या आधी सुमारे महिनाभर नव्या सोयींची भर घालणे बंद करायचे. त्या महिन्यात फक्त दोष काढायचे. दरम्यान रोज रात्री तयार होणारी कच्ची प्रत ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी व बिघाड दिसला तर कळवावा. आम्हाला यातील ‘बंद करणे’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नमुना गिऱ्हाइकाकडे गेल्यावर मिलवाला रोज सूत बदलू लागला तर तपासणी कशाची करायची? २०२५ साली या मंडळींनी आपली चौथी मोठी आवृत्ती ऑक्टोबरात आणण्याचे ठरवले होते. मात्र तिची तयारी पुरी होण्यास वेळ हवा, असे दिसताच त्यांनी तारीख पुढच्या वर्षावर ढकलली आणि तसे जाहीर केले. सणाच्या आधी कच्च्या रंगाचा माल विकून मोकळे होणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या तुलनेत ही इमानदारी मोठीच म्हटली पाहिजे.

आपल्या देशातील उदाहरण इस्रोच्या ‘भुवन’चे. १२ ऑगस्ट २००९ रोजी दिल्लीत त्याची बीटा आवृत्ती खुली झाली. त्या वेळचे पंतप्रधान कार्यालयातील राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी ती खुली केली. हे मुक्त स्रोताचे काम नव्हते, पण धडा सर्वांसाठी आहे. वर्तमानपत्रांनी त्याला गुगलचा भारतीय प्रतिस्पर्धी ठरवून टाकले, लोक एकदम तुटून पडले आणि पाहावे तर नाव नोंदवा, एक जोड-सॉफ्टवेअर उतरवा, विंडोजवर इंटरनेट एक्स्प्लोररच वापरा, अशा अटी. अनेकांच्या पडद्यावर काहीच उमटेना. भुवन पुढे सुधारले आणि शेती, जलसाठे, आपत्ती अशा कामी आले. पण पहिल्या आठवड्यात जो परत फिरला तो गिऱ्हाईक किती वर्षांनी पुन्हा आला असेल? नमुना म्हणून दाखवायची वस्तू वाजतगाजत मांडली की लोक तिला पक्का माल समजतात. नमुना-आवृत्तीचा समारंभ करू नये, हे आमचे पहिले म्हणणे. ती मोजक्या पण वेगवेगळ्या हातांत द्यावी.

वेगवेगळे हात का, याचे उत्तर लिपीत आहे, आणि हा विषय आमच्या जिव्हाळ्याचा आहे. आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी आम्ही दुकानाच्या गादीवर गिऱ्हाइकांकडून शिकलो. नागपुरात एकाच गल्लीचे नाव पाटीवर मराठीत, दुकानावर उर्दूत आणि बिल्टीवर इंग्रजीत असते. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला लोकांनी मिळून भरायचा नकाशा आहे. त्यात एका जागेचे नाव मराठी, हिंदी, उर्दू असे हव्या तितक्या भाषांत नोंदवता येते. नोंद होते, अडचण ते नाव पडद्यावर दाखवताना येते. वेब पानांवर नकाशा चित्रित करणारे एक लोकप्रिय सॉफ्टवेअर मॅपबॉक्स कंपनीचे होते. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने त्याची नवी आवृत्ती मुक्त परवान्यातून बाहेर काढली, तेव्हा लोकांनी जुन्या मुक्त प्रतीवरून ‘मॅपलिब्रे’ नावाने काम पुढे चालू ठेवले. त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. पण या घराण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळापासून एक दोष होता. ते प्रत्येक अक्षर सुटे घेऊन एकापुढे एक मांडत असे. इंग्रजीला ते चालते. देवनागरीत ‘हिंगणघाट’ लिहिताना पहिली वेलांटी ह च्या आधी यायला हवी. ती ह च्या नंतर पडते आणि वाचणाऱ्याला ती ग ची वाटते. ‘सक्करदरा’ मधले जोडाक्षर मोडून पाय मोडका क दिसतो. उर्दूची गत याहून वाईट. ती उजवीकडून डावीकडे चालते आणि तिची अक्षरे एकमेकांचा हात धरून उभी राहतात. वेगळा जोड-तुकडा बसवला नाही तर सगळी अक्षरे सुटी आणि उलट्या क्रमाने उमटतात. मोमीनपुऱ्यातील मुलाला आपल्याच मोहल्ल्याचे नाव वाचता येऊ नये, असा तो प्रकार.

हा दोष करणाऱ्यांच्या मनात खोट होती, असे आम्ही म्हणणार नाही. अलीकडच्या वर्षांत स्वयंसेवकांनी देवनागरीसाठी त्यावर तोडगेही काढले आहेत. पण सॉफ्टवेअर घरोघर पोहोचल्यावर मुळातली मांडणी बदलणे किती कठीण, हे त्यांनाच विचारावे. उसवलेली शिवण दुरुस्त होते. पन्ह्यातच कमी विणलेले कापड दुरुस्त होत नाही. पहिल्या नमुना-आवृत्तीच्या वेळी देवनागरी वाचणारा एक आणि उर्दू वाचणारा एक असे दोन माणसे समोर असती, तर पाच मिनिटांत त्यांनी बोट ठेवले असते. त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही, शाळेत बाराखडी आणि अलिफ-बे शिकलेले असले म्हणजे पुरते.

आणि हे नागपुरात व्हावे, असे आम्ही केवळ गावाच्या अभिमानाने म्हणत नाही. नकाशाचे आणि या मुलखाचे नाते जुने आहे. १८०२ साली मद्रासजवळ हिंदुस्थानची मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन आपले ठाणे नागपूरला हलवण्यासाठी निघाला होता. वाटेत हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी तो वारला आणि त्याची कबर तिथेच आहे. (हिंगणघाट कापसाचे गाव. तिथला कापूस एकेकाळी विलायतेच्या बाजारात नावाने विकला जात होता. पण लॅम्बटनच्या कबरीकडे कापूस विकायला येणारे किती जण वळले असतील, देव जाणे.) शहरात झिरो माईलचा खांब उभा आहे आणि त्याच्याजवळचा दगड १९०७ सालच्या मोजणीचा. राज्य सरकारचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून नागपुरातच आहे. इस्रोचेही प्रादेशिक केंद्र अमरावती रोडवर आहे. इंजिनियरिंग कॉलेजांची तर गणतीच नको. म्हणजे नकाशा करणारे इथे आहेत आणि तो ज्यांना अडतो ते मोमीन आणि कोष्टी विणकर, ठोक व्यापारी, टेम्पोवाले हेही इथेच आहेत. दोघांमध्ये चार-पाच किलोमीटरचे अंतर आहे.

कायद्याची अडचण आता पूर्वीसारखी नाही. २०१६ साली एक मसुदा निघाला होता, त्यात नकाशाच्या चुकांसाठी शंभर कोटींपर्यंत दंडाची भाषा होती. तो वाचून कोणाची हिंमत झाली असती? तो कायदा झाला नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे करण्यासाठी आधी परवानगी घेण्याची अट काढली आणि २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय धोरणही आले. दरवाजा उघडा आहे, आत जाणारे हवेत.

मग करायचे काय? आमचे म्हणणे असे की, कोणत्याही मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरच्या मंडळींनी नमुना-आवृत्तीची तारीख ठरवताना एका खऱ्या बाजारपेठेचे नाव त्या कागदावर लिहावे. तिथे ती आवृत्ती पाच-सात वर्षे जुन्या, स्वस्त मोबाईलवर चालवून पाहावी, कारण आमच्या गुमास्त्यांच्या खिशात तोच असतो. नेटवर्क तुटलेले असताना काय होते ते पाहावे. आमच्या तळघरातल्या गोदामांत ते तुटलेलेच असते. दोष इंग्रजीतच कळवा, अशी अट ठेवू नये. आमचा गुमास्ता बोलून सांगेल, कॉलेजचा विद्यार्थी ते लिहून घेईल आणि ज्याने दोष सांगितला त्याला महिन्याभरात उत्तर मिळेल, एवढी व्यवस्था असावी. उत्तर नकाराचे असले तरी चालेल. तक्रार करून वाट पाहत बसणे आम्हाला नवीन नाही, पण दुसऱ्यांदा तीच तक्रार कोणी करत नाही. खर्चाचा प्रश्न निघेल. चहा, दोन विद्यार्थ्यांचा मेहनताना आणि थोडी छपाई एवढाच तो आहे, आणि आमच्या व्यापारी संघटना सत्कारांवर याहून जास्त खर्च करतात.

व्यापाऱ्यांना वेळ नसतो, ही तक्रार मात्र खरी आहे. लग्नसराईत किंवा दिवाळीच्या तोंडावर कोणी संगणकवाला दुकानात आला तर त्याला कोणी उभेही करणार नाही. पण क्यूजीआयएसच्या ऑक्टोबरच्या आवृत्तीआधीचा दोष काढण्याचा काळ साधारण सप्टेंबरात येतो, आणि बहुतेक वर्षी त्याच सुमाराला पितृपक्ष असतो. त्या पंधरवड्यात आमचे हिंदू गिऱ्हाईक नवे कापड घेत नाही. गांधीबागेत दुपारी माणसे गादीवर पेपर वाचत बसलेली असतात. विद्यार्थ्यांनी मोबाईल घेऊन तेव्हा यावे.