घोटा मोडला : ऑपरेशन की प्लॅस्टर?

जिन्याची शेवटची पायरी चुकते, मोरीत पाय घसरतो आणि घोटा सुजून टम्म होतो. एक्स-रेत फ्रॅक्चर दिसले की घरात दोन पक्ष पडतात. भाईजान म्हणतात, प्लेट टाकून मोकळे व्हा. अम्मी म्हणतात, पायाला सुरी लावू नका. दोघांनीही आधी डॉक्टरांना एकच विचारावे, असे आम्हाला वाटते: सांधा स्थिर आहे का?

घोट्याचा सांधा खोबणीसारखा असतो. आतून जाड हाड, बाहेरून बारीक हाड, मध्ये पावलाचे हाड बसलेले. बाहेरचे बारीक हाड एकटेच मोडले आणि आतल्या बाजूचे बंध शाबूत राहिले, तर मधले हाड जागचे हलत नाही. याला स्थिर फ्रॅक्चर म्हणतात. निजवून काढलेल्या एक्स-रेवर ते दर वेळी कळत नाही. मग पायावर भार देऊन उभ्याने, किंवा पाऊल बाहेर वळवून पुन्हा एक्स-रे काढतात. शंका असताना हे न करता ऑपरेशनची तारीख घेणे आम्हाला पटत नाही.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये 18 ते 65 वयाच्या 160 रुग्णांवर अशी तुलना झाली. निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर ऑपरेशनवाल्यांचा पाय इतरांपेक्षा सरस ठरला नाही, उलट त्रास त्यांनाच अधिक झाले. चिरा दिला की जखम चिघळण्याची भीती आली. घोट्यावर कातडी पातळ, त्यामुळे प्लेट टोचते आणि कधी ती काढायला पुन्हा टेबलावर जावे लागते. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर जखम भरणे आणखी कठीण. शिवाय खर्च! त्यासाठी दागिने गहाण पडलेली घरे आपल्या ओळखीत असतीलच.

प्लॅस्टर तरी किती दिवस? फिनलंडमधील 247 रुग्णांच्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा फ्रॅक्चरला 3 आठवडे हे 6 आठवड्यांपेक्षा कमी पडले नाहीत. तरी आपली मुदत डॉक्टरांनीच ठरवावी. आठवड्याभराने पुन्हा एक्स-रे मात्र चुकवू नये, हाड सरकलेले तेव्हा कळते.

दोन्ही बाजूंची हाडे मोडली, सांधा सरकला किंवा हाड कातडीबाहेर आले, तर गोष्ट वेगळी. तिथे सहसा ऑपरेशन लागते आणि अम्मींना समजवावे लागते. हाडवैद्याकडून चोळून घेणे तर दोन्ही प्रकारांत घातक.

प्लॅस्टरमध्ये बोटे निळी पडली, बधिर झाली, पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा. वुजू करताना प्लॅस्टरवर पाणी ओतू नये, ओल्या हाताने मसह करावा. प्लॅस्टर निघाल्यावर घोटा काही दिवस ताठच राहतो. नमाजमध्ये पाय दुमडून बसता येईपर्यंत खुर्ची घ्यावी आणि सांगितलेला व्यायाम रोज करावा.